माणसं भेटून आल्यावर : लांबच्या प्रवासाची वही कशी लावावी

लांबचा प्रवास करून आलेला माणूस पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीत उभा राहतो आणि म्हणतो, "प्रभूने नेलं, प्रभूने आणलं, सगळीकडे फार प्रेम मिळालं." मंडळी आमेन म्हणते. झालं! हावडा, ऐझॉल, वेल्लोर, केरळ, सगळं त्या एका वाक्यात गुंडाळलं जातं आणि महिन्याभरात घरच्यांनाही आठवत नाही की त्या बंगाली म्हाताऱ्याने नेमकं काय विचारलं होतं. वाक्य खोटं नाही. पण त्यात एकही माणूस नाही.

मी नगरचा. अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायची आहे. नोकरी रेल्वे डाकसेवेत, म्हणजे आर.एम.एस.मध्ये गेली. काम सॉर्टिंगचं. बॅग फोडायची, पत्रं खणांत लावायची, पुन्हा बांधायची, सील करायची. न लावलेल्या बॅगेत सगळी पत्रं असतात, पण कुणालाच मिळत नाहीत. प्रवासाच्या आठवणींचंही तेच होतं. म्हणून निवृत्तीनंतर बायकोला घेऊन देशभरातल्या आपल्या माणसांना भेटायला निघालो, तेव्हा वही कशी लावायची हे आधी ठरवलं आणि तिकिटं मागाहून काढली. असा प्रवास करणाऱ्या किंवा नुकताच करून आलेल्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून ती पद्धत इथे सांगतो.

निघण्याआधी

आधी माणसं लिहा, मग स्टेशनं. आमची यादी अशी झाली : नागपूरला माझा आर.एम.एस.मधला जोडीदार. बंगालात श्रीरामपूरला एक बॅप्टिस्ट कुटुंब, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं नाताळच्या कार्डांची देवाणघेवाण. ऐझॉलला एक मिझो सुभेदार. नगरच्या लष्करी केंद्रात पोस्टिंग होतं तेव्हा दर रविवारी आमच्या मंडळीत यायचे, मराठी येत नसताना शेवटच्या गीतापर्यंत बसायचे. वेल्लोरला शेजाऱ्यांची मुलगी, नर्स. केरळात कोळंचेरीजवळ एक निवृत्त नर्सबाई. त्यांनी नगरमध्ये अर्धं आयुष्य काढलं आणि आमच्या दोन्ही मुलांना टोचणीच्या सुया त्यांनीच दिल्या. शेवटी केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. बायकोची एक आत्या तिथेच वाढलेली.

यादीत प्रेक्षणीय स्थळ एकही नाही. ती आपोआप वाटेत येतात.

इथे सॉर्टरचा एक सल्ला ऐकाच. नगरकराच्या तोंडी श्रीरामपूर म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं, जिथल्या स्टेशनावर बेलापूर लिहिलंय. केडगाव म्हणजे नगर शहराला चिकटलेलं. मुक्ती मिशनचं केडगाव दौंड आणि पुण्याच्या मध्ये आहे, आणि मिशनरी विल्यम केरीचं श्रीरामपूर बंगालात हुगळीच्या काठी. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे पिन कोड लिहा. पिनचा पहिला आकडा सगळं सांगतो : ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ७ म्हणजे बंगाल, ओडिशा आणि ईशान्य भारत, ६ म्हणजे तमिळनाडू आणि केरळ. माझ्या वहीचे मोठे भागही तेच आहेत, ४, ७ आणि ६.

तिकिटांचं थोडक्यात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस विसरा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे बजेट त्या हिशेबाने धरा. निघालात तिथेच परत येणार असाल तर रेल्वेचं सर्क्युलर तिकीट मिळतं. एका फेरीत वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं आणि भाडं सलग अंतराचं लागत असल्यामुळे स्वस्त पडतं. पण प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. खिडकीवरच्या तरुण मुलाला हे तिकीट माहीत नसण्याची शक्यता दांडगी, तेव्हा थेट वाणिज्य विभागात विचारा. मिझोरामसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं. ते ऑनलाइन निघतं, छापून दोन प्रती जवळ ठेवा.

पाळकांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडून, मंडळीच्या कागदावर दोन ओळींचं पत्र घ्या : ही माणसं आमची, त्यांना आपलं माना. जुनी रीत आहे. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं तेव्हा फीबीबद्दल असंच लिहिलं होतं. आधार कार्ड लॉजवाल्याला चालतं. अनोळखी मंडळीच्या दाराशी हेच पत्र चालतं. आमचं पत्र दोन ठिकाणी उघडलं गेलं आणि दोन्ही ठिकाणी चहा आला.

भेट म्हणून शेंगदाण्याची चटणी न्या. टिकते, फुटत नाही, आणि पुढच्या गावी डाळ-भातावर स्वतःलाही कामी येते.

वाटेत : रात्री तीन ओळी, जास्त नाही

समोर माणूस बोलत असताना वही काढायची नाही. पाहुण्याने वही काढली की यजमान भाषण करू लागतो. रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहायच्या : आज कुणाच्या घरी होतो, त्यांनी काय विचारलं, त्यांनी काय मागितलं. तिसरी ओळ प्रार्थनेची असते. "मुलीच्या लग्नाचं बघा", "डोळ्याचं ऑपरेशन आहे", "धाकटा चर्चमध्ये येत नाही". देवळं, पूल, डोंगर लिहायचे नाहीत, त्यांचे फोटो असतातच.

निघताना वही यजमानांपुढे धरायची आणि पत्ता त्यांच्याच हाताने, त्यांच्याच लिपीत लिहून घ्यायचा, खाली पिनसह इंग्रजीत. माझ्या वहीत आता बंगाली, रोमन अक्षरांतली मिझो, तमिळ आणि मल्याळम आहे. पुढे कधी फोन नंबर बदलतात, पण अक्षर बघितलं की चेहरा उभा राहतो. हे मी डाकसेवेतला म्हणून म्हणत नाही, बायकोही कबूल करते.

सलामाचं बघा. नगरला आपण हात मिळवून "सलाम" म्हणतो. तमिळ घरात "स्तोत्रम" म्हणा, ऐझॉलला "चिबाई". दाराशी एवढं पुरतं, पुढचं काम हसण्याने होतं.

आल्यावरचा पहिला आठवडा

कुणाला काही सांगू नका. हे जमायला अवघड आहे, कारण शेजारी, मुलं, मंडळीतली वडीलधारी, सगळे विचारतात. "मजा आली, सावकाश सांगतो," एवढंच म्हणा. पहिल्याच दिवशी दहा जणांना सांगितलं की दहाव्यांदा सांगताना गोष्ट गुळगुळीत होते, आणि मग तुम्हालाही ती तशीच आठवते. कपडे धुवा, झोपा, आणि रोज तासभर वही घेऊन बसा. नवराबायको दोघं गेला असाल तर वेगवेगळं लिहा आणि नंतर वाचून दाखवा. आमच्या दोन वह्यांत एकाच घराच्या दोन गोष्टी निघाल्या. मला यजमान आठवत होते, तिला स्वयंपाकघर.

प्रत्येक माणसाचं एक पान. त्या पानाला चार प्रश्न विचारायचे.

*पहिला : दार कुणी उघडलं आणि त्याने काय विचारलं?*

आपण काय पाहिलं ते सगळे लिहितात. आपल्याला काय विचारलं गेलं ते लिहा, कारण तिथे समोरच्या माणसाची ओढ दिसते.

श्रीरामपूरचं सांगतो. हावड्याहून बंडेल मार्गावरची लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात स्टेशन येतं. गाव एकेकाळी डेन्मार्कचं होतं. १८४५ मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकलं. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी इथे छापखाना काढला, १८१८ मध्ये कॉलेज उभारलं. केरीने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली; त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं आणि मराठी कोश १८१० मध्ये, तोही मोडी अक्षरांत. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि कितीतरी हस्तलिखितं आणि टाइप जळून गेले. ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. माझ्या वहीत त्याला दीड ओळ आहे.

उरलेलं पान यजमानांच्या एका प्रश्नाचं आहे. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ, चालताना काठी, तरी मिशनच्या कबरस्तानात केरीच्या कबरीपर्यंत स्वतः घेऊन गेले. तिथे उभं राहून म्हणाले, "आम्ही केरीसाहेबांची कबर सांभाळली. त्यांच्याबरोबर मराठीचं काम करणारे पंडित वैजनाथ तुमच्या नागपूरचे. तुम्ही त्यांचं काय सांभाळलंत?" मी दोनच दिवसांपूर्वी नागपुरात होतो. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात जोडीदाराने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही आपली मंडळी इथेच २९ नोव्हेंबर १९७० ला जन्मली. वैजनाथ शास्त्र्यांचं नाव आम्हा दोघांपैकी कुणी काढलं नव्हतं.

अशा प्रश्नापुढे वहीत मी लाल शाईने "उत्तर बाकी" लिहितो. आल्यावर नागपूरच्या जोडीदाराला कामाला लावलं आहे. तो म्हणतो, मेलेल्या पंडितासाठी मला ग्रंथालयात बसवतोस, वर डबाही देत नाहीस.

*दुसरा : घरात काय बाजूला काढून ठेवलं जातं?*

जेवणाची वर्णनं करण्यात आपण मराठी माणसं पटाईत, आणि ते लिहायला हरकतही नाही. पण घर कळतं ते बाजूला काढून ठेवलेल्या गोष्टींवरून.

ऐझॉलला आता रेल्वेने जवळपास पोचता येतं. बैरबी ते सायरंग मार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, वाटेत चाळीसहून जास्त बोगदे आहेत. सायरंगहून पुढे मोटारीने वर चढायचं. सुभेदार स्टेशनात उभे होते, गळ्यात मफलर, आणि पहिलं वाक्य मराठीत : "जेवला का?" नगरमध्ये एवढं एकच शिकले होते म्हणे.

संध्याकाळी त्यांच्या पत्नीने भाताचे तांदूळ मोजून घेतले आणि पातेल्यात टाकण्याआधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकली. सकाळीही तेच. मिझो ख्रिस्ती घरांत प्रत्येक जेवणाच्या वेळी अशी मूठ काढतात. तिला बुहफाई थाम म्हणतात. मंडळीच्या बायका घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात, तो विकून येणारा पैसा चर्चच्या आणि मिशनच्या कामाला जातो. लोरेन आणि सॅविज हे पहिले मिशनरी तिथे पोचले १८९४ मध्ये. त्यांनी भाषेला रोमन लिपी दिली. आज तीच मंडळी भारतभर स्वतःचे मिशनरी पाठवते, आणि त्यामागे ही मूठ आहे. आमच्याकडे वर्गणीसाठी पाळकांना तीनदा जाहीर करावं लागतं, ते मी सुभेदारांना सांगितलं नाही. तो माझा आणि मंडळीचा घरचा मामला.

रविवारी शहर बंद असतं, खरोखर बंद. दुकानं, रस्ते, सगळं शांत, आणि डोंगराच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावर चर्चमधल्या ढोलाचा आवाज. शनिवारीच औषधं आणि फोनचा रिचार्ज उरकून घ्या, यजमानाला पळवू नका. बायकोला स्वयंपाक मिळमिळीत वाटला, तिथे शेंगदाण्याची चटणी बाहेर निघाली, आणि सुभेदारीणबाईंनी ती चमच्याने खाल्ली.

तुमच्या वहीत बाजूला काढून ठेवलेल्या गोष्टी निराळ्या असतील. कुणाच्या घरी पाहुण्यांची चादर असते, कुणाकडे मेलेल्या मुलाची सायकल. विचारू नका, नुसतं बघा आणि लिहा.

*तिसरा : कुठे अडलं?*

या प्रश्नाचं पान बहुतेक जण कोरं सोडतात. प्रवासवर्णनातली मंडळी कायम एकमेकांच्या गळ्यात पडत असतात, पण ख्रिस्ती माणसांतही भिंती आहेत आणि पाहुण्याला त्या यजमानापेक्षा लवकर दिसतात.

केरळात आम्ही फेब्रुवारीत पोचलो, मारामणच्या अधिवेशनाच्या दिवसांत. पंपा नदीच्या वाळवंटात मोठा मांडव, लोक वाळूवर बसलेले. मार्थोमा या केरळातल्या जुन्या मंडळीचं हे अधिवेशन १८९५ पासून भरतं, आठ दिवस चालतं. परदेशी वक्ता इंग्रजीत बोलतो आणि शेजारी उभा दुभाषी वाक्यावाक्याला मल्याळम करतो, त्यामुळे आपल्यासारख्याला अर्धं तरी कळतं. चेंगन्नूर किंवा तिरुवल्ला स्टेशनला उतरा, आणि राहायचं आधी ठरवा, कारण त्या आठवड्यात घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. टोपी आणि पाण्याची बाटली न्या. वाळू तापते.

आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आणि या मंडळीचं मार्थोमा मंडळीशी प्रभुभोजनाचं नातं आहे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत एकमेकांकडे सामील होता येतं. म्हणून मार्थोमा चर्चमध्ये आम्ही पुढे जाऊन भाकर घेतली. त्याच गल्लीतल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र मागे उभे राहिलो, कारण तिथे बाहेरच्यांना प्रभुभोजन देत नाहीत. हे आधी विचारून घ्या, रांगेत उभं राहून नको. यात अपमान मानू नये, आणि सगळं एकच आहे असंही वहीत लिहू नये.

दुसरी भिंत जास्त टोचली. नर्सबाईंच्या घरी जेवणानंतर त्यांच्या एका नातेवाइकांनी विचारलं, "तुमचं घराणं कधीपासून ख्रिस्ती?" तिथल्या जुन्या घराण्यांत परंपरा सांगतात की येशूचा शिष्य, प्रेषित थोमा, इ.स. ५२ मध्ये आला आणि त्यांच्या पूर्वजांना त्याने बाप्तिस्मा दिला. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले आणि मंडळीत आले. मी तेच सांगितलं, पणजोबांच्या वस्तीच्या नावासकट. क्षणभर कुणी बोललं नाही. मग नर्सबाई उठल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ठणकावून बोलल्या, ते मला कळलं नाही. नातेवाइकांनी माझ्या ताटात आणखी मासे वाढले.

हे पान मी तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला रागाने, दुसऱ्या खेपेला फार समजूतदारपणे. तिसऱ्या खेपेला फक्त जे बोललं गेलं ते लिहिलं, ओळीने. तुम्हीही तेच करा. अर्थ नंतर लागेल, नाही लागला तरी शब्द शाबूत राहतील. आणि हो, नर्सबाईंना फोन करून त्या काय बोलल्या ते विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते मराठीत चांगलं वाटणार नाही."

*चौथा : काय मागितलं, आणि ते कुणाला सांगायचं नाही?*

वेल्लोरला आम्ही कमी थांबलो. काटपाडी जंक्शनला उतरून रिक्षाने जायचं. डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेचा दवाखाना काढला, त्याचं आज सी.एम.सी., म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल झालं आहे; आपल्याकडच्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. हॉस्पिटलभोवतीच्या गल्ल्यांत बंगाली पाट्यांची लॉजं आणि खानावळी आहेत, कारण बंगाल, झारखंड, ईशान्येकडून रोगी येतात. श्रीरामपूरच्या आजोबांच्या ओळखीचं एक कुटुंब तिथेच भेटलं. त्यांनी पाळकांच्या पत्राकडे न बघताच आम्हाला खोलीत बसवलं आणि आजाराबद्दल सांगितलं, जे त्यांनी गावी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर प्रत्येक पानावर प्रार्थनेच्या विनंत्यांना खूण करा : ही मंडळीत सांगायची, ही फक्त घरात, ही फक्त मनात. दुसऱ्याचा कॅन्सर, दुसऱ्याच्या सुनेचं भांडण, दुसऱ्याच्या मुलाची दारू, हे साक्षीचं, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, सामान नव्हे. "प्रार्थनेसाठी सांगतो" म्हणून चुगली करणारे प्रत्येक मंडळीत असतात, आमच्याही.

फोटोंचंही तसंच. काही भागांत लहान घरगुती मंडळ्या दबकून जमतात. धर्मांतराच्या आरोपावरून तक्रारी होतात, पोलीस येतात. अशा घरातला फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, गावाचं नाव लिहू नका. वहीतही मी अशा एका घराला नुसता पिनचा पहिला आकडा दिला आहे.

मंडळीपुढे साक्ष

दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी द्या, आणि दहा मिनिटं मागून घ्या. सगळा प्रवास सांगायचा मोह होतो, त्याला बळी पडू नका. एकच घर निवडा. मी तांदळाची मूठ सांगितली. सुभेदार इथल्याच बाकावर बसायचे, त्यामुळे लोकांना ते आठवत होते. आमच्या भगिनीमंडळाने पुढच्या आठवड्यात ज्वारीची मूठ काढायची का, यावर चर्चा केली. निर्णय अजून झालेला नाही, डबा कुणाच्या घरी ठेवायचा यावर अडलंय.

बाकीची घरं प्रार्थनासभेत, घरभेटींत, चहावर, एकेक करून सांगा. वर्षभर पुरतात.

उत्तरं

वहीतली "उत्तर बाकी" पानं काढा आणि पत्रं लिहा. फोन करा, पण पत्रही लिहा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, आणि त्यावर मावतं तेवढंच लिहिणं हा चांगला नियम आहे. आभार एका ओळीत उरका. उरलेल्या जागेत त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, नाहीतर त्यांनी मागितलेल्या प्रार्थनेची चौकशी : डोळ्याचं ऑपरेशन झालं का? कार्ड उघडं असतं, म्हणून मनातली विनंती कार्डावर नको, तिच्यासाठी लिफाफा.

सगळ्यांत शेवटी केडगावचं पान. पंडिता रमाबाईंनी १८९८ च्या सुमारास उभं केलेलं मुक्ती मिशन, जिथे त्या १९२२ मध्ये वारल्या. बायकोच्या आत्याबरोबर आम्ही आवारातून हिंडलो. हे पान माझ्या वहीत अर्धंच आहे, कारण ते बायकोने लिहायचं ठरलं होतं आणि तिने आठ पानं लिहिली. ती मला वाचायला देत नाही. म्हणते, आत्याने जे सांगितलं ते चौथ्या प्रश्नाखाली येतं.

आणि एक खाट मोकळी ठेवा. ज्यांच्या घरी जेवलात त्यांना बोलावणं करा, तारीख घालून, गाडीच्या नावासकट. "या कधीतरी" म्हणून कुणी येत नाही. सुभेदारांना मी आझाद हिंद एक्सप्रेस कळवली आहे. हावड्याला बसा, थेट नगरला उतरा. त्यांचं उत्तर आलं : डिसेंबरात निघतो, तांदूळ घेऊन येतो, चटणी करून ठेवा.